तेवीस कोटींच्या एका संख्येची उलटतपासणी

कोल्हापुरात महाद्वार रोडवर दुकान असलेल्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मुलगी आठवीत आहे, शिष्यवृत्तीची तयारी चाललीय. व्हॉट्सॲपवर २५२० या संख्येबद्दल मेसेज आला, की ही जगातली सगळ्यात विचित्र संख्या, १ ते १० सगळ्यांनी भाग जातो आणि रामानुजननी शोधली. ते वाचून पोरीनं स्वतःहून १ ते २० साठी तशी संख्या काढली. तीन पानं खरडली, २३,२७,९२,५६० आली. दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर मी सगळ्यांनी भागून बघितलं, बाकी कुठंच उरत नाही. पण हीच सगळ्यात लहान कशावरून? आणि एवढ्या मोठ्या आकड्यात आणखी काही बघण्यासारखं असतं का?"

उत्तर बरोबर आहे. पोरीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. तीन पानांची गरज नव्हती हे मात्र आजच सांगू नका, दोन दिवसांनी सांगा.

आधी त्या मेसेजचं बघू. रामानुजन यांनी १९१५ साली विभाजकांनी गच्च भरलेल्या संख्यांवर मोठा निबंध लिहिला. त्यातल्या यादीत २५२० आहे, हे खरं. पण १ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी लहानात लहान संख्या म्हणजे साधा लसावि. तो त्यांच्या कितीतरी आधीपासून लोक काढत आलेत. आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० आणि वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकार २५२० येतो, असंही त्या मेसेजमध्ये असतं. गुणाकार बरोबर आहे, पण त्यात गूढ काही नाही. ७, ३० आणि १२ यांत जे मूळ अवयव आहेत तेच इथेही आहेत, एवढंच. विचित्र म्हणाल तर २५२० ही उलट फार सरळ संख्या आहे, कुणालाच नाही म्हणत नाही.

आता "सगळ्यात लहान कशावरून" याकडे येऊ. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं १ ते २० चा सरळ गुणाकार करून मोकळी होतात. त्या गुणाकारालाही सगळ्यांनी भाग जातो, चूक नाही. पण तो येतो १९ अंकी, आणि तुमच्या मुलीच्या संख्येच्या १०४५ कोटी पटींहून मोठा. कारण त्यात फुकटची भरती आहे. १६ आत आला की २, ४ आणि ८ आपोआप आलेच, त्यांना वेगळं बोलावणं धाडायचं कारण नाही. १८ साठी २ आणि ९ हवेत. २ तर १६ मध्ये आहेच, ९ तेवढा नवा. असं करत गेलं की लागतात फक्त १६, ९, ५, ७, ११, १३, १७ आणि १९. यातला एकही कमी करता येत नाही. १६ काढून ८ ठेवला तर १६ ने भाग जायचा बंद होतो, १९ काढला तर १९ ने. म्हणून ही सगळ्यात लहान. तीन पानांचं काम या आठ आकड्यांत बसतं.

गुणाकारसुद्धा तोंडी होतो. १६, ९ आणि ५ चे झाले ७२०. ७, ११ आणि १३ चे १००१. ७२० ला १००१ ने गुणलं की ७,२०,७२०, म्हणजे तोच आकडा दोनदा. (हा १ ते १६ चा लसावि.) त्याला १७ ने गुणलं की १,२२,५२,२४०, आणि १९ ने गुणलं की तुमचे २३,२७,९२,५६०. लक्षात आलं का, १८ आणि २० ला काहीच गुणावं लागलं नाही? २१ आणि २२ ला पण लागत नाही. २१ म्हणजे ३ गुणिले ७, २२ म्हणजे २ गुणिले ११, सगळी मंडळी आधीच घरात आहेत. म्हणजे पोरीनं २० पर्यंतचं मागितलं आणि तिला २२ पर्यंतचं मिळालं. अडतं ते २३ ला. तिथं संख्या एकदम २३ पट होऊन ५३५ कोटींवर जाते.

ही वाढ किती आडदांड आहे ते समजायला घंटांचं गणित घ्या, शिष्यवृत्तीच्या पुस्तकात हमखास असतं ते. दहा घंटा आहेत. पहिली दर सेकंदाला वाजते, दुसरी दर २ सेकंदांनी, असं करत दहावी दर १० सेकंदांनी. एकदा सगळ्या एकत्र वाजल्या की पुन्हा एकत्र कधी? २५२० सेकंदांनी, म्हणजे ४२ मिनिटांनी. रंकाळ्यावर बसून भेळ खाऊन होईपर्यंत. आता घंटा वीस करा. पुन्हा एकत्र वाजायला २३,२७,९२,५६० सेकंद, म्हणजे २,६९४ दिवसांहून थोडे जास्त, साधारण सात वर्षं साडेचार महिने. तुमची मुलगी जूनमध्ये पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवताना वाजल्या असत्या, तर पुढचा एकत्र टोला आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास. घंटा फक्त दुप्पट झाल्या, वेळ ९२ हजार पटींहून जास्त.

आता माझा आवडता भाग. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि कागद घ्या. आपण स्वल्पविराम देतो ते हजार, लाख, कोटींचे, २३,२७,९२,५६० असे. व्यवहाराला ते उत्तम, पण ही संख्या आतून बघायची तर उजवीकडून तीन-तीनचे गट पाडा:

२३२ | ७९२ | ५६०

बघत राहा जरा. कडेच्या दोघांची बेरीज करा. २३२ आणि ५६० मिळून ७९२. बरोबर मधला गट.

वर्गात मी हे फळ्यावर लिहितो आणि गप्प बसतो. कुणाच्या तरी तोंडून "आयला" निघेपर्यंत पुढं जात नाही. योगायोग वाटतो, पण नाही. संख्येत १००१ चा अवयव आहे हे वर पाहिलंच. उरलेला भाग म्हणजे १६, ९, ५, १७ आणि १९ यांचा गुणाकार, तो येतो २,३२,५६०. आता कुठल्याही संख्येला १००१ ने गुणणं म्हणजे ती हजारपट करून तीच पुन्हा मिळवणं. २३,२५,६०,००० मध्ये २,३२,५६० मिळवले की मधल्या तीन जागांवर एकाचे ५६० आणि दुसऱ्याचे २३२ एकमेकांवर बसतात. म्हणून मध्ये ७९२. (बेरीज हजाराच्या वर गेली असती तर हातचा आला असता आणि हे इतकं उघड दिसलं नसतं. इथं नशिबानं गेली नाही.)

याचीच उलटी बाजू म्हणजे कसोटी. कुठलीही मोठी संख्या घ्या, तीन-तीनचे गट पाडा, उजवीकडून पहिला अधिक, दुसरा वजा, तिसरा अधिक असं करत जा. उत्तर शून्य किंवा १००१ च्या पटीत आलं तर ७, ११ आणि १३ या तिघांनीही एका फटक्यात भाग जातो. उत्तर नुसतं ७ च्या पटीत आलं तर फक्त ७ ने. इथं ५६० वजा ७९२ अधिक २३२, शून्य. सातची कसोटी नाही म्हणून रडणाऱ्या मुलांना मी हीच देतो.

त्या २,३२,५६० शी माझी ओळख वर्गात नाही झाली, उद्यमनगरात झाली. कॉलेज संपल्यावर दोन वर्षं मी मामांच्या वर्कशॉपमध्ये काढली. तिथं मिलिंग मशीनवर गिअर कापायला डिव्हायडिंग हेड असायचा. त्याचा क्रँक, म्हणजे दांडा, ४० वेळा फिरवला की जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, एक पूर्ण फेरी घेतो. सतरा दात्यांचा गिअर कापायचा तर दर दात्याला ४० भागिले १७, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या आणि वर सतरांश सहा. हे सतरांश सहा मोजायला इंडेक्स प्लेट, तिच्यावर छिद्रांची वर्तुळं. सतरा छिद्रांच्या वर्तुळावर सहा छिद्रं पुढं सरकायचं, की झालं. ब्राउन अँड शार्प पद्धतीच्या पहिल्या प्लेटवर वर्तुळं असतात १५, १६, १७, १८, १९ आणि २० छिद्रांची. या सहांचा लसावि काढा: २,३२,५६०. त्यात सात, अकरा, तेरा नाहीतच. म्हणून तेरा दात्यांचा गिअर आला की मामा प्लेट बदलायला लावायचे. तिसऱ्या प्लेटवर ३९ छिद्रांचं वर्तुळ असतं, तिथं तीन फेऱ्या आणि तीन छिद्रं. सात आणि अकरासाठी दुसरी प्लेट, तिच्यावर २१ आणि ३३ आहेत. त्याच दुसऱ्या प्लेटवर २३ चंही वर्तुळ आहे, कारण २३ कुणाच्या पोटात बसत नाही. पोरीची संख्या जिथं अडते तिथंच. मामा सातवी शिकलेले, लसावि हा शब्द त्यांनी कधी उच्चारलेला मी ऐकला नाही, पण कुठल्या दात्याला कुठली प्लेट हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे.

१७ आणि १९ च्या कसोट्या पटकन देतो. १९ साठी शेवटचा अंक तोडायचा, दुप्पट करायचा आणि उरलेल्यात मिळवायचा. शेवटचं शून्य उडवून २,३२,७९,२५६ वर सुरू केलं तर क्रमानं २३,२७,९३७, मग २,३२,८०७, २३,२९४, २,३३७, २४७ आणि ३८. अडतीस म्हणजे एकोणीस दुणे, भाग जातो. १७ साठी शेवटचा अंक पाचपट करून वजा करायचा. तेही करून बघायला सांगा, शेवटी २०४ येईल आणि त्यातून शून्य. नऊ आणि सोळाचं तर तिला येतंच असेल: अंकांची बेरीज ३६, आणि शेवटचे चार अंक २५६०, म्हणजे १६ गुणिले १६०.

आता विभाजक किती? मूळ अवयवांचे घातांक बघा: २ चा ४, ३ चा २, बाकी ५ पासून १९ पर्यंतच्या सहा जणांचा एकेक. प्रत्येकात एक मिळवून गुणा: ५ गुणिले ३ गुणिले सहा वेळा २. उत्तर ९६०. यामागचं कारण तिला समजावून द्या, नुसतं सूत्र नको. विभाजक बनवताना २ चे शून्य ते चार यांपैकी किती घ्यायचे याच्या पाच वाटा, ३ च्या तीन, बाकी प्रत्येकाला "घ्या किंवा सोडा" अशा दोन.

९६० विभाजक म्हटल्यावर कुणालाही वाटेल की या टापूत हिच्यापुढं कोण टिकणार. पण टिकतो एक. १८,३७,८३,६०० ही संख्या तुमच्या मुलीच्या संख्येहून जवळपास पाच कोटींनी लहान आहे, आणि विभाजक तिचेही बरोबर ९६०. युक्ती काय आहे बघा. १९ बाहेर काढला, विभाजक निम्मे झाले, ४८०. त्या जागी एक ३ आणि एक ५ जास्तीचे घेतले. ३ चा घातांक २ वरून ३ झाला, विभाजक ६४०. ५ चा १ वरून २ झाला, विभाजक परत ९६०. १९ च्या जागी १५ आले, म्हणून संख्या लहान. रामानुजनांच्या त्या १९१५ च्या निबंधाचा विषय नेमका हाच: आपल्याहून लहान असलेल्या सगळ्या संख्यांपेक्षा जिला जास्त विभाजक आहेत अशी संख्या. १८,३७,८३,६०० त्या मानाच्या रांगेत आहे, २५२० आहे, ७,२०,७२० पण आहे. २३,२७,९२,५६० नाही. सगळ्यांना खूश ठेवणं आणि कमी ऐवजात जास्तीत जास्त वाटण्या करणं, ही दोन वेगळी कसबं आहेत. २५२० ला दोन्ही साधतात, म्हणून ती इतकी गाजते.

(जाता जाता: रामानुजनांची यादी सहा लाख चौऱ्याहत्तर हजार कोटींच्याही पुढं जाते, सगळी हातानं काढलेली. त्यात एक संख्या सुटली आहे, २९,३३१ कोटी ८६ लाख २५ हजार ६००. हिशेबाची एक ओळ चुकली म्हणून रडणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.)

त्या ९६० विभाजकांची बेरीज केली तर ११६ कोटी ९९ लाख २५ हजार १२० येते. मूळ संख्येच्या पाचपटीला जेमतेम ओलांडून. एक-एक करून मिळवू नका, ३१, १३, ६, ८, १२, १४, १८ आणि २० यांचा गुणाकार करा. ३१ म्हणजे १, २, ४, ८ आणि १६ ची बेरीज, १३ म्हणजे १, ३ आणि ९ ची, बाकीचे प्रत्येक मूळ अवयवात एक मिळवून.

इथं एक भेद तिच्या डोक्यात आत्ताच बसू दे, कारण इंटरनेटवर संख्यांबद्दल जे फिरतं त्यातलं नव्वद टक्के याच गोंधळातून येतं. काही गुण संख्येच्या हाडात असतात, काही नुसते चेहऱ्यावर. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी "हर्षद" संख्या सांगितल्या, स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या. आपली संख्या हर्षद आहे: बेरीज ३६, आणि ३६ ने भाग जातो. बघायला छान. पण हा चेहऱ्याचा गुण. आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत लिहितो. बाराच्या पटीत लिहिलं तर अंक बदलतील, बेरीज बदलेल आणि हर्षदपण नव्यानं तपासावं लागेल. ९६० विभाजक मात्र कशाही लिहा, ९६०च राहतील. कापरेकरांच्या ६१७४ बद्दल (चार अंकी संख्येचे अंक उतरते आणि चढते लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येते ती) मला अतिशय प्रेम आहे आणि गंमत म्हणून मी तो खेळ दर वर्षी घेतो, पण चेहरा बघून हाडांबद्दल बोलू नये. २३२, ७९२, ५६० ची जादू हाड आणि चेहरा यांच्या मधली आहे. हाड १००१ चं, आणि ते चेहऱ्यावर दिसलं ते १००१ हजाराला चिकटून आहे म्हणून.

शेवटचं, शेजारीपाजारी. २३,२७,९२,५६० मध्ये २ मिळवा, २ ने भाग जातो. ३ मिळवा, ३ ने. असं २२ पर्यंत. म्हणजे २३,२७,९२,५६२ पासून २३,२७,९२,५८२ पर्यंत सलग २१ संख्यांत एकही मूळ संख्या नाही. खालच्या बाजूलाही तेच, २ पासून २२ पर्यंत वजा करत गेलात तरी. इतकी मोठी ओसाड जागा कुठलीही यादी न चाळता सांगता आली, ते केवळ त्या आठ अवयवांमुळे.

आणि नुसता १ मिळवला तर? २३,२७,९२,५६१ ला २ पासून २२ पर्यंत कशानेच भाग जाणार नाही, प्रत्येक वेळी बाकी १. इथं मी एकदा सपशेल तोंडावर आपटलोय. शिकवायला लागून दुसरंच वर्ष होतं. उत्साहात वर्गाला सांगून बसलो की असा लसावि घेऊन १ मिळवला की मूळ संख्याच मिळते. ६ आणि १, ७. १२ आणि १, १३. ६० आणि १, ६१. ४२० आणि १, ४२१. सगळ्या मूळ. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा वही घेऊन आला. १ ते ८ चा लसावि ८४०, त्यात १ मिळवून ८४१. "सर, हे २९ गुणिले २९ आहे." नुसती संयुक्त नाही, पूर्ण वर्ग. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. "लहान अवयव नाही" आणि "अवयवच नाही" यांत फरक आहे, तो मला त्या मुलानं शिकवला. १ ते ११ च्या लसाविचंही तसंच, २७,७२१ म्हणजे १९ गुणिले १,४५९.

म्हणून २३,२७,९२,५६१ बद्दल वरवर बघून काहीच म्हणता येत नाही. हातानं करायचं तर २३ पासून १५,२५७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं, कारण वर्गमूळ तिथं येतं. संगणकाला डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ पुरतो. ती मूळ आहे.

मुलीला पुढचं काम द्यायचं असेल तर हे द्या. २५ ला पोचेपर्यंत ही संख्या नेमकी किती पट होते? ती २३ म्हणेल, मग थांबेल, २४ ला काही लागत नाही म्हणेल. २५ ला तिचं काय होतं ते बघा. पुन्हा २५ ने गुणायला निघाली तर टोकू नका, स्वतःच थांबते का ते बघा.